पहिली वेलांटी

“मला एक पहिली वेलांटी हवी होती,” लिफ्टवाले फोनवर म्हणाले.

पलीकडे मंडळाची चिटणीस होती, पेशाने दातांची डॉक्टर. प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे पूल, स्टेशनं आणि आगगाड्या जोडणाऱ्या मोठ्या माणसांचं ते मंडळ. रविवारी त्यांचं प्रदर्शन होतं. तिने विचारलं, “काका, तुकड्याचा नंबर सांगता का?”

नंबर लिफ्टवाल्यांना कधीच ठाऊक नव्हते. लाल असते, छपराच्या कोपऱ्याला लागते, डावीकडे वळते, असं त्यांनी सांगून पाहिलं. डॉक्टरने घरी शोधते म्हणून फोन ठेवला, पण तिला काही कळलं नसावं. कळणार कसं? ती भाषा या घराबाहेर कुणी बोलत नव्हतं.

अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले तेव्हा मुलीने वेळ जाईल म्हणून ठोकळ्यांची एक छोटी आगगाडी आणून दिली, आणि त्या माणसाला वेडच लागलं. बायको शाळेत मराठी शिकवायची. “आयुष्यभर माणसं वर-खाली नेलीत, आता जरा आडवी न्या,” म्हणाली. पण एकेका तुकड्यासाठी ते ढिगात तासन् तास हात घालून बसतात हे पाहून तिच्यातली शाळेतली बाई जागी झाली. वर्गात असला गोंधळ मी चालू दिला नसता, म्हणाली. झाकणाचे डबे आणले, तुकडे निवडले आणि सगळ्यांचं बारसं केलं. लांब काडी म्हणजे काना. बारीक गोल टिकली म्हणजे अनुस्वार. एकमेकांत रुतून बसलेले दोन तुकडे म्हणजे जोडाक्षर, आणि ते दाताने सोडवायचं नाही अशी सक्त ताकीद. छपराच्या कोपऱ्याचे वळणदार तुकडे म्हणजे वेलांट्या. डावीकडची पहिली, उजवीकडची दुसरी.

लिफ्टवाल्यांचं घोडं इथेच अडायचं. शाळेत असल्यापासून त्यांना पहिली कुठली नि दुसरी कुठली ते कळलं नव्हतं. हातात तुकडा घेऊन ते हवेत बोटाने ‘कि’ काढायचे, मग ‘की’ काढायचे, आणि तरी चुकीचा लावायचे. पलंगावर बसलेली बायको चष्म्यावरून बघत म्हणायची, “अर्धा मार्क गेला.”

रविवारी न्यायचं हे स्टेशन तिनेच आखलेलं. यंदा प्रदर्शनाला नेऊच, असं म्हणाली आणि आजारी पडली. तिला जाऊन आठ महिने झाले होते. लिफ्टवाल्यांनी एकट्याने फलाट उभा केला, रूळ टाकले, छप्पर चढवलं. डाव्या टोकाचा एक कोपरा तेवढा राहिला आणि पहिल्या वेलांटीचा डबा रिकामा झाला.

शनिवारी दुपारी मुलगी सामान बांधायला आली. रूळ वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता तिने कोपऱ्यातल्या भोकाकडे पाहिलं आणि सगळे डबे शोधले का, असं विचारलं. एक सोडून सगळे, असं ते म्हणाले. तो एक कपाटावर होता, हॉस्पिटलातून आणला तसाच. शेवटच्या पंधरवड्यात बायकोने तिथेही निवडायला पिशवीभर तुकडे मागवले होते. जेवणाच्या सरकत्या टेबलावर ती ते पसरायची. बोटं थरथरायची, पण मदत केलेली चालायची नाही. नर्स म्हणायची, आजी, तांदूळ निवडताय का.

मुलीने स्टुलावर चढून डबा काढला. झाकणावर ठळक, गोल अक्षरात होतं, ‘दुसरी वेलांटी’.

“मग नाही उपयोग,” लिफ्टवाले म्हणाले.

तिने तरी डबा टेबलावर ओतला. लाल तुकडे पसरले, सगळे उजवीकडे वळणारे वाटले. ती बोटाने एकेक सरकवत गेली आणि थांबली.

“बाबा. ही पहिली आहे.”

लिफ्टवाल्यांनी चष्मा लावला. तुकडा हातात घेतला, हवेत ‘कि’ काढला. मग पुन्हा काढला. पहिलीच होती. चाळीस वर्षं हजारो पोरांचे याच चुकीसाठी मार्क कापणाऱ्या बाईने पहिली वेलांटी दुसरीच्या डब्यात टाकली होती.

“आईकडून?” मुलगी म्हणाली आणि हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. जरा वेळाने तिने स्टेशन पुढे ओढलं. “द्या, लावून टाकू. काम झालं.”

लिफ्टवाल्यांनी तुकडा मुठीत धरला. नंतर सगळ्या वेलांट्या गोळा करून डब्यात भरल्या, तो तुकडाही त्यांच्यातच टाकला आणि झाकण दाबलं.

“अहो बाबा, उद्या लोक बघतील.”

“बघू देत.”

“चुकीच्या डब्यात आहे ती.”

“असू दे,” ते म्हणाले. “बाईंनी ठेवलीय.”

मुलीने डबा परत कपाटावर ठेवला.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये गर्दी झाली. लिफ्टवाल्यांची गाडी दर दोन मिनिटांनी फलाटाला लागत होती, क्षणभर थांबून सुटत होती. लोक वाकून बघत होते. दोघातिघांनी कोपऱ्याबद्दल विचारलं. काम चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. दुपारी डॉक्टर लगबगीने आली. तिने पर्समधून कागदाची पुडी काढून उलगडली. आत लाल तुकडा होता, उजवीकडे वळणारा.

“काका, हीच ना तुमची पहिली वेलांटी? घर पालथं घातलं.”

लिफ्टवाल्यांनी नुसतं पाहिलं. हवेत ‘कि’ काढायला बोट उचललंच नाही.

“ही दुसरी,” ते म्हणाले.

डॉक्टर ओशाळली. तिने तुकडा इकडून तिकडून फिरवून बघितला.

“चुकलंच माझं.”

“होतं असं. चांगल्या चांगल्यांचं होतं.”

त्यांनी पुडी नीट घडी करून तिला परत दिली. खिडकीतलं ऊन छपराच्या भोकातून फलाटावर पडलं होतं, टिकलीएवढं. गाडी आली, तेवढं ऊन प्रत्येक डब्यावरून सरकत गेलं, आणि गाडी गेल्यावर पुन्हा फलाटावर येऊन बसलं.