छातीखालचा पट्टा

मित्रांनो, मेंढ्यांची लोकर कातरतात त्या शेडमध्ये कधी आलात तर वर पाहा. तुळईला दोन स्प्रिंगा, स्प्रिंगांना साखळी आणि साखळीच्या टोकाला छातीएवढा रुंद एक पट्टा लोंबताना दिसेल. तो मी. आता जुना झालो आहे. लोकरीच्या तेलाने माझ्या कडा काळ्या पडल्या आहेत आणि एका बाजूची शिवण दुसऱ्यांदा घातलेली आहे.

मी दुकानातून आलो नाही. ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरीना भागात एका लहान गावात नोएलीन टिअर्नी नावाची बाई खोगिरे दुरुस्त करते, ट्रकच्या ताडपत्र्या शिवून देते. तिचा नवरा केल्व्हिन. त्याला सगळे केल म्हणतात. केल एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जाणाऱ्या टोळीत लोकर कातरणारा होता आणि त्याचा धाकटा भाऊ डेसीही त्याच टोळीत होता.

हे काम तुम्ही पाहिले नसेल म्हणून सांगतो. मेंढीला ढुंगणावर बसवून गुडघ्यांत धरायचे, आपण कमरेतून वाकायचे आणि मशीनवर चालणाऱ्या कातरीने पोटापासून शेपटीपर्यंत सगळी लोकर एकसंध उतरवायची. मेंढी सोडली की लगेच दुसरी. दिवसभरात माणूस ताठ होतो तो फक्त पुढची मेंढी ओढून आणण्यापुरता.

एके सकाळी केल पलंगाच्या कडेला बसून मोजा घालत होता आणि तसाच राहिला. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून थेट टाचेत उतरली. गावच्या डॉक्टरीणबाईंनी कमरेचा स्कॅन काढून आणायला सांगितला आणि तो नवराबायको दोघांना दाखवला. मणक्यांमधल्या दोन गाद्या सरकून बाहेर आल्या होत्या आणि पायाच्या शिरेवर दाबत होत्या.

"हे काम सोडलेलं बरं," त्या म्हणाल्या. "दुखणं एकदम जाणार नाही, त्याच्याशी जमवून घ्यावं लागेल. पण एक लक्षात ठेवा. पाय लुळा पडायला लागला, किंवा लघवी झालेली कळेनाशी झाली, तर उद्या बघू म्हणायचं नाही. उठायचं आणि इस्पितळ गाठायचं."

हे मला कसे ठाऊक? त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी शिवला जात होतो आणि दोघांचे भांडण माझ्यावरूनच चालले होते.

"काम सोड म्हटलं की सोडलं, असं असतं का?" केल म्हणाला. "मला दुसरं येतं काय?"

"मग वाक," नोएलीन म्हणाली.

"कशाला?"

"मेंढी धरल्यासारखा वाक. माप घेऊ दे."

घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायच्या जुन्या तंगाचा जाड पट्टा, त्यावर कोकराच्या कातड्याची गादी आणि मोडक्या फाटकाच्या स्प्रिंगा, यांतून मी तयार झालो. माणूस वाकला की त्याची छाती माझ्यावर टेकायची आणि धडाचे वजन कमरेऐवजी मी घ्यायचे, एवढेच माझे काम.

शेडमध्ये मला टांगले त्या दिवशी मशीन सुरू व्हायच्या आधीच हशा सुरू झाला.

"अरे वा, बाळाला पाळण्यात घातलं की!" शेजारच्या जागेवरून डेसी ओरडला. "केल, दुधाची बाटली आणलीस ना? रडायला लागलास तर काय करायचं आम्ही?"

"जळू नकोस. तुझी बायको तुला साधं बटण लावून देत नाही."

"मला बायकोच नाही!"

"तेच तर म्हणतोय."

पण जेवणाच्या सुट्टीत केल चहाचा मग घेऊन ताठ उभा राहिला आणि हसणारे गप्प झाले. संध्याकाळी एकेक जण माझ्याजवळ येऊन मला दाबून पाहू लागला. टोळीचा मुकादम ब्रुस हॅलरन तर दोन्ही हातांनी लोंबकळला. "नोएलीनला सांग, अजून दोन शिवायला," तो म्हणाला. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढच्या हंगामात नोएलीन टोळीची स्वयंपाकीण म्हणून सोबत आली. केल रोज ताठ चालताना दिसे, म्हणून ती निर्धास्त होती. मी मात्र नव्हतो. पहिल्या वर्षी केल माझ्यावर टेकत असे. आता तो लोंबू लागला होता. सकाळी निम्मे, दुपारी सगळे वजन माझ्यावर येई. उजवे पाऊल कुठे पडले आहे हे त्याला खाली पाहिल्याशिवाय कळत नव्हते. मेंढी धरताना तो ते पाऊल डोळ्यांनी शोधून नेमक्या जागी ठेवी.

"कसं आहे आज?" नोएलीन रोज विचारी.

"पट्टा आहे ना," केल म्हणे. "काय होतंय मला!"

तिला ते पटत होते. मला बोलता आले असते तर!

हंगामातल्या शेवटच्या फार्मवर आम्ही होतो. वायव्येकडे ढग जमले होते. ओली मेंढी कातरता येत नाही, म्हणून सगळे घाईत होते. मेंढ्यांच्या वाड्याची फळीची दारे आपटत होती, रेडिओ कोणाला ऐकू येत नव्हता, आणि केल एका दांडग्या मेंढ्याच्या मानेवरून कातर नेत होता. तेवढ्यात त्याचा उजवा गुडघा दुमडला.

तो घसरला नाही, कारण मी होतो. सगळा देह माझ्यावर आला. स्प्रिंगा खाली ताणल्या गेल्या. मेंढा हिसडा देऊन सुटला आणि हातातून निसटलेली कातर वायरीच्या टोकाला चालूच राहून सापासारखी फिरू लागली. त्याच्या कानाजवळून गेली. पुन्हा आली.

"झोप लागली काय रे बाळाला?" डेसी हसत म्हणाला. मग त्याने नीट पाहिले. एका उडीत येऊन त्याने दोरी ओढली आणि मशीन बंद केले.

"केल? ए केल, बोल की!"

"पाय," केल म्हणाला. "पाय सापडत नाहीये."

डेसीची नजर खाली गेली. केलची पँट समोरून ओली झाली होती आणि ते केलला कळलेलेही नव्हते. डेसीने मानेने खाली खूण केली तेव्हा त्याने हात लावून पाहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

पलीकडचे लोक मान वळवू लागले होते. डेसीने कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली आणि केलच्या कमरेवर सगळी उपडी केली.

"काय रे, काय झालं?" ब्रुसने हाक मारली.

"उकडतंय बिचाऱ्याला!" डेसी ओरडला. "थंड केला!"

सगळे हसले आणि आपापल्या मेंढ्यांकडे वळले. डेसीने भावाला काखेत धरून भिंतीला टेकवून बसवले.

"कुणाला सांगू नकोस," केल कुजबुजला. "नोएलीनला तर मुळीच नाही. जरा पडलो की बरा होईन."

"वेडा आहेस का? मी कशाला सांगतोय?"

मित्रांनो, डेसीने हे मायेने केले होते. भावाची अब्रू झाकली होती. डॉक्टरीणबाईंचे बोलणे त्याने कधी ऐकले नव्हते, म्हणून आपण काय झाकतो आहोत हे त्याला माहीत नव्हते. केलला माहीत होते. मलाही माहीत होते. मी वर रिकामा हेलकावत होतो आणि वेळ जात होता.

चहाची घंटा झाली. नोएलीन किटली आणि जॅम लावलेल्या स्कोनची, म्हणजे छोट्या गोड पावांची, टोपली घेऊन आत आली. केलला जमिनीवर पाहून ती थबकली.

"हे काय?"

"काही नाही गं," डेसी म्हणाला. "उकडत होतं. पाणी ओतलं त्याच्यावर."

"बरं केलंस." ती स्कोन वाटू लागली. दोन माणसांपर्यंत गेली आणि टोपली तिसऱ्याच्या हातात देऊन परत आली.

"उकडत होतं?"

"हो ना."

"मग डोकं कोरडं कसं?" ती केलसमोर गुडघ्यांवर बसली. "उकडल्यावर माणूस डोक्यावर पाणी घेतो. तुझे केस कोरडे, शर्ट कोरडा. केल, माझ्याकडे बघ."

त्याने पाहिले नाही.

"डेसी, तू सांग."

डेसीने भावाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "नोएलीन, त्याला कळलंच नाही गं. पँटीतच झाली आणि त्याला पत्ताच नाही."

ती ओरडली नाही. "ब्रुस!" तिने हाक मारली, "पिकअप इथे दाराशी लाव. मागे लोकर पसर, जाड. आत्ता!"

"अगं, पाऊस येतोय," केल म्हणाला. "रस्ता..."

"म्हणूनच आत्ता."

त्या भागातली काळी माती ओली झाली की चाके खाते. चौघांनी केलला फळीवर घालून उचलले. डेसी मागे त्याच्याजवळ बसला, नोएलीनने गाडी हाकली. गाडी फाटकाबाहेर गेली आणि पत्र्यावर पहिला थेंब वाजला.

पुढचे मी पाहिले नाही. पाऊस लागला, मेंढ्या भिजल्या, काम थांबले. रिकाम्या शेडमध्ये मी एकटा लोंबत राहिलो. ते पोहोचले की वाटेतच रुतले, हे मला सांगणारे कोणी नव्हते. पत्रा वाजायचा तेव्हा मला गाडीचा आवाज वाटायचा.

चिखलाने माखलेला डेसी परत आला तेव्हा लोक त्याच्याभोवती जमले.

"एकदा रुतलो," तो म्हणाला. "ढकलून काढली. इस्पितळातून त्याला विमानाने शहरात नेलं आणि लगेच कंबर कापून ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कायमची चाकाची खुर्ची." तो माझ्याखाली येऊन उभा राहिला. "आणि मी बादली ओतत होतो."

त्याने मला साखळीवरून काढले आणि केलच्या घरी नेले.

केल चालत घरी आला, पण काठी घेऊन. लघवीवरचा ताबा हळूहळू परत आला. पायाची बोटे बधिरच राहिली. आणि दुखणे? मित्रांनो, ऑपरेशन झाले म्हणजे दुखणे संपले असे मलाही वाटले होते. काही दिवस ते कमरेत दबा धरून बसे, काही दिवस उठू देत नसे. मग केल स्वयंपाकघरात जमिनीवर पडे, पाय खुर्चीवर, आणि नोएलीन त्याला ओलांडून कपाटाकडे जाई.

"मगर जागी आहे का?" ती विचारी.

"चावेन," तो म्हणे.

मला त्याने परसातल्या गळक्या खोलीत फेकले होते. माझी कोकराची गादी उंदरांनी नेली. स्प्रिंगा गंजल्या. केल आत आला की मुद्दाम दुसरीकडे पाही.

पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा डेसी दारात उभा राहिला. "केल, तो पट्टा मला देशील?"

"कशाला?"

"कंबर धरते. बूट घालताना बसावं लागतं आजकाल."

केलने काठी इतक्या जोराने आपटली की कोंबड्या पळाल्या. "जाळून टाकीन, पण देणार नाही! त्या पट्ट्यानं माझा घात केला. बरं वाटतंय, बरं वाटतंय, करत मी पार गेलो!"

नोएलीन दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती वळली.

"पट्ट्यानं वजन उचललं, केल. तेवढंच त्याला सांगितलं होतं. माझ्याशी खोटं पट्टा नाही बोलला."

केलने काठीच्या टोकाने माती उकरली. मग तो स्वतः माझ्या खोलीत आला. वाकता येत नव्हते म्हणून त्याने मला काठीने ओढून घेतले आणि डेसीच्या अंगावर फेकले.

"घेऊन जा. पण मी शेडमध्ये असणार. रोज चहाला विचारणार, आणि तू खरं सांगणार. एकदा जरी उडवाउडवी केलीस, तर सगळ्यांसमोर कापून टाकीन."

"मला?"

"आधी पट्टा. मग तुला."

नोएलीनने मला नवी गादी लावली. केलला कातरीच्या पात्यांना धार लावायचे काम मिळाले. ते उभ्याने होते, आणि वाटेल तेव्हा भिंतीला टेकता येत होते. चहाच्या वेळी तो डेसीला टाचांवर चालायला लावी, मग चवड्यांवर; पायाची शीर दबली की तसे चालता येत नाही. बाकीचे पोट धरून हसत. "नाच शिकवतोस का रे?" असे विचारत.

मग एके दिवशी भर कामात, घंटेला अवकाश असताना, डेसीने स्वतःच दोरी ओढली. अर्धी कातरलेली मेंढी सोडून दिली. माझ्यावरून उठला आणि शेडभर ऐकू जाईल असे म्हणाला, "माझ्या पायाला मुंग्या येतायत. टाच उचलत नाही. मी थांबतोय."

"आई बोलावते काय?" पलीकडून जॉक फेरिस नावाचा दांडगा गडी ओरडला.

केलने धारेचे चाक बंद केले. "चल," तो म्हणाला, "गाडी मी चालवतो." दोघे भाऊ बाहेर पडले, एक काठी टेकत आणि दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

डेसीची एकच गादी सरकली होती. वेळेत कळले, म्हणून विश्रांती आणि व्यायामावर भागले. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. संध्याकाळी केल आपले सामान न्यायला परत आला, तेव्हा शेडमध्ये जॉक एकटाच रेंगाळत होता. त्याने इकडेतिकडे पाहिले, घसा खाकरला.

"केल, ते टाचांवर चालायचं... मलाही जरा दाखव ना."

मित्रांनो, पाठदुखी बाहेरून दिसत नाही. माणूस उभा असतो, हसतो, कामाला जातो. मी त्याचे वजन घेऊ शकतो, पण त्याच्या तोंडून बोलू शकत नाही. तुमच्या घरात कोणाची कंबर दुखत असेल तर विचारा, त्याच्याजवळ बसून विचारा, आणि पहिल्याच उत्तरावर उठून जाऊ नका. आणि दुखणे तुमचे असेल, तर हसणाऱ्यांना हसू द्या. हातातले काम खाली ठेवा आणि मोठ्याने सांगा.