घडाघडा

पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं, तरी गुड्डी वाचतच राहिली.

"एक होती कोंबडी. तिची पिल्लं पाच. पाचही निघाली पाणी प्यायला…"

तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. मान ताठ, दोन वेण्यांना नव्या रिबिनी. पण बोटाखाली आता कोंबडी नव्हती. तिथे बाजाराचं चित्र होतं. वांग्यांचा ढीग, तराजू, डोक्यावर टोपली घेतलेली बाई. कोंबडी पिल्लांसकट मागच्या पानावर राहिली होती.

गुड्डीची आई रिता अगदी समोर, वर्गातल्या सतरंजीवर पहिल्या रांगेत बसली होती. शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आणि गावातल्या माता गटाची लीडर माता, म्हणून ती जागा तिची होती. तिथून पुस्तक उलटं दिसत होतं. पण वांगी उलटीही ओळखू येतात. मुलीनेच पान उलटलं असेल, असं तिला क्षणभर वाटलं. मग गुड्डीचं बोट 'भेंडी' या शब्दाखाली आलं आणि तोंडातून निघालं, "पिल्लं घाबरली."

रिताच्या ओठांवरचं हसू तिथेच थिजलं. तिचा हात पुढे गेला, अर्ध्या वाटेतून मागे आला आणि उगाच पदर सारखा करू लागला. पान परत उलटायला जावं, तर सगळ्यांच्या नजरा पानाकडेच वळल्या असत्या. गुड्डीने तिच्याकडे एकदा पाहिलं. तिचा आवाज उलट चढला. मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायकांपर्यंत कोंबडी खणखणीत पोहोचली.

शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख साहेब मोबाइल आडवा धरून व्हिडिओ काढत होते. त्यांच्या चौकटीत मुलीचा चेहरा होता, पुस्तक नव्हतं. तिच्या मागे उभे असलेले तिचे वर्गशिक्षक कमलेश सर मात्र पुस्तकाकडेच बघत होते. त्यांनी मान वर करून रिताकडे पाहिलं आणि पानाचा फडफडणारा कोपरा तळव्याने दाबून धरला. चुकीच्याच पानाचा. ते मागे उलटवणं त्यांना सहज जमलं असतं.

धडा संपला. टाळ्या पडल्या.

"पहिलीतली मुलगी!" साहेब म्हणाले. "घडाघडा! एक चूक नाही. बघा सर, आणि तुम्ही म्हणता घाई नको."

सरांनी पानावरचा हात काढून घेतला.

"हे सारं आमच्या वैनींचं काम हाय साहेब," समितीचे अध्यक्ष ताराचंदभाऊ म्हणाले. "बी.ए. हायेत. मागच्या मीटिंगमधी त्याईनंच तं मुद्दा काढला होता."

मुद्दा तिनेच काढला होता. पवनीच्या कॉन्व्हेंटमध्ये तिच्या बहिणीचा मुलगा बालवाडीतच कविता म्हणत होता, आणि इथे सर सकाळचा पहिला तास मुलांबरोबर खाली बसून घालवायचे. वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या हाताला येईल असा तळफळा रंगवलेला होता. एखादं मूल काहीतरी सांगायचं, सर ते जसंच्या तसं तळफळ्यावर लिहायचे. 'मले बोरं भेटली.' 'आमची म्हैस व्याली.' मग त्याच एका वाक्याशी सगळा वर्ग तासभर झोंबायचा. पुस्तक तिसऱ्या धड्यावरच अडलेलं. "मले-तुले तर पोरं घरी बोलतातच," ती मीटिंगमध्ये म्हणाली होती. "त्यासाठी शाळा कशाला? पुस्तक कधी शिकवणार?" बोलताना तिला स्वतःचा आवाज आवडला होता. त्याच संध्याकाळपासून ती गुड्डीला घेऊन बसू लागली.

"ताई, सांगा ना, कसं करून घेतलं?" साहेबांनी मोबाइल तिच्याकडे वळवला.

रिता उभी राहिली. समोर गुड्डी पुस्तक छातीशी धरून उभी होती.

"रोज संध्याकाळी बसतो आम्ही," ती म्हणाली. "मी एक ओळ वाचते. मग ती वाचते."

यात खोटं काहीच नव्हतं.

"हेच!" साहेब म्हणाले. "हेच मला सगळ्या वर्गाचं पाहिजे. पुढच्या महिन्यात परत येतो, सर. एकेक मूल असं उभं राहिलं पाहिजे."

"हो साहेब," कमलेश सर म्हणाले.

दिवेलागणीच्या आत व्हिडिओ गावभर झाला. रिताचा नवरा धर्मेंद्र पवनीहून दुकान बंद करून आला, तो मोबाइल वर धरूनच. तिथल्या गिऱ्हाइकांनीच त्याला तो दाखवला होता. सासूबाईंनी, रंभाबाईंनी, नातीवरून मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली.

"दादल्याले चहा दे आधी," त्या रिताला म्हणाल्या. "आज तं त्याचे पाय जमिनीवर नाहीत."

रिताने चहा दिला. हसलीही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पुस्तक मध्येच कुठेतरी उघडलं आणि गुड्डीपुढे ठेवलं.

"हे वाच बरं."

गुड्डीने पानाकडे पाहिलं, मग आईकडे.

"हे तू अजून नाही वाचलं, मम्मी."

सांगायची, विचारायची, निदान पुस्तक मिटायची तीच वेळ होती. रिताने घसा साफ केला आणि पहिली ओळ वाचली. गुड्डीने ती तिच्यामागून म्हटली. ओळीमागून ओळ, धडा संपेपर्यंत. झाल्यावर रिता स्वयंपाकघरात गेली आणि निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडत बसली.

शाळा सकाळची झाली होती. ऊन चढायच्या आत अंगण झाडताना तिला वर्ग ऐकू यायचा. आधी तिकडून कसला कसला गलका यायचा, मध्येच हशा, मध्येच कोणाची तरी तक्रार. आता एकच आवाज यायचा, वरखाली न होणारा, सगळ्या पोरांचा मिळून. एक होती कोंबडी. तिची पिल्लं पाच.

एके दिवशी दळण टाकायला गेली, तर चक्कीवर रुखमिणी भेटली. शेजारच्या गल्लीतली, माता गटातली. सोबत तिचा अनुप, गुड्डीच्याच वर्गातला.

"वैनी, तुमच्यामुळं भलं झालं वो," रुखमिणी म्हणाली. "आमचा पोट्टा आता गाडीसारखा पळते. म्हणून दाखव रे मावशीले."

अनुपने हात मागे बांधले आणि धडा म्हणून दाखवला. चक्कीवाला पट्टा थांबवून ऐकत राहिला. बायका कौतुकाने हसल्या.

हाच अनुप होळीच्या आधी रिताच्या ओसरीवर खताच्या रिकाम्या पोत्यापुढे उकिडवा बसला होता, एकेक अक्षर लावत. "यु… रि… यु… रि…" तिला तेव्हा भाताचा कुकर लावायचा होता. 'युरिया रे बाबा, युरिया!' असं म्हणून तिने त्याला उठवलं होतं.

"अनुप," रिताने चक्कीच्या भिंतीकडे हात केला, "तिथं काय लिहिलंय रे?"

भिंतीवर मोठ्या अक्षरात 'उधार बंद' लिहिलेलं होतं. अनुपने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे सरनं म्हणून नाही घेतलं," तो म्हणाला.

"आता तुम्ही त्याचा पेपरच घेता का वैनी!" रुखमिणी हसली. रिताने डबा उचलला. दळण टाकायचंच राहिलंय, हे तिच्या अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, पण परत जायची तिला हिंमत होईना.

ती तशीच शाळेवर गेली. पोरं सुटली होती. गुड्डी आजीबरोबर घरी गेली असणार. कमलेश सर एकटेच वर्गात तळफळा ओल्या फडक्याने पुसत होते.

"या ताई."

ती दारातच उभी राहिली. रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरली.

"सर, गुड्डीला वाचता येत नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले.

"त्या दिवशी पान उलटलं, तेव्हा तुम्ही…"

"मागे केलं असतं तर ती थांबली असती. मग कुठून धरायचं ते सुचलं नसतं तिला. एवढी माणसं, वरून तो मोबाइल." त्यांनी फडकं पिळलं. "तिला वाटत होतं, आपण वाचून राहिलो. ते कसं तोडावं?"

सर साहेबांना घाबरून गप्प बसले, असं रिताने धरलं होतं. तेही गप्प, आपणही गप्प. मग दोष अर्धा-अर्धा. इतके दिवस त्या अर्ध्यावर तिची झोप टिकली होती. आता सगळाच तिच्या पदरात येऊन पडला.

"मी साहेबांना सांगते," ती म्हणाली. "समितीत सांगते."

"काय सांगणार?"

तिने तोंड उघडलं. गुड्डीचं नाव न घेता सुरू होणारं एकही वाक्य तिला सापडेना.

"तिचं नाव न येता सांगता आलं, तर सांगा," सर म्हणाले. "नाही तर राहू द्या. लहान आहे. साऱ्या गावात तिचं नाव झालं आहे आत्ता. माझ्या वर्गाचं मी बघतो."

"बघता काय सर! रोज नुसतं ओरडून घेता त्यांच्याकडून."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सर हसले. हसण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

"पुस्तक चालू आहे ना, ताई. मागे पडलं होतं."

रिताने पुसलेल्या तळफळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते तुम्ही करत होता ते… कसं करायचं?"

"त्यात करायचं काही नसते. मूल बोललं, की लिहायचं. दुरुस्त करायचं नाही." सरांनी खिडकीतले दोन खडू तिच्या हातावर ठेवले. "तेवढंच जड जाते."

संध्याकाळी गुड्डी आपणहून पुस्तक घेऊन ओसरीवर आली, मांडी घालून ताठ बसली.

"आज पुस्तक नको," रिता म्हणाली. "तू काहीतरी सांग. मी इथं फरशीवर लिहिते."

"काय सांगू?"

"काहीही. तुला वाटेल ते."

"तू सांग ना. मी म्हणते तुझ्यामागं."

"नाही. आज तुझं."

आतून रंभाबाईंचा आवाज आला, "कायले छळून राहिली वो लेकराले? येते ना तिले सारं!"

गुड्डीने आत पाहिलं. मग ती आईच्या अगदी जवळ सरकली.

"रागावशील नाही?"

"नाही."

"आजीले नाही सांगशील?"

"नाही सांगणार."

"मले वाचता नाही येत," गुड्डी कानात म्हणाली.

रिताच्या हातातला खडू फरशीला टेकलेला तसाच राहिला.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासूनच." गुड्डीला प्रश्नच वेडगळ वाटला. "तू म्हणते, मग मी म्हणते. थे काय वाचणं हाय?"

"आणि त्या दिवशी, साहेब आले तेव्हा? पान…"

"बाजाराचं पान आलं होतं," गुड्डी म्हणाली. "मले दिसले ना वांगे."

"मग थांबली काहून नाही?"

"तू हासून राहिली होती," गुड्डी म्हणाली. "मग तुझं तोंड असं झालं." तिने ते तोंड करून दाखवलं: उघडे राहिलेले ओठ, ताणलेले डोळे, एक हात पुढे. इतकं हुबेहूब, की रिताला बघवेना. "म्हणून मी जोरात म्हटलं."

आत भांडी वाजत होती. रस्त्याने कोणाची तरी सायकल गेली. रिता खाली वाकली आणि लिहू लागली. मोठं, सुटं, एकेक शब्द अंतर ठेवून. 'मले' लिहिताना हात जरासा अडला, पण तिने ते तसंच लिहिलं. मले वाचता नाही येत. खडूचा चुरा फुंकून ती मागे सरली.

"हे तूच सांगितलं आहेस," ती म्हणाली. "आता बघ."

गुड्डीने बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. मग मान वर केली आणि ती आईचा चेहरा बघू लागली: ओठ, भुवया, डोळे. तिथेच सगळं लिहिलेलं असल्यासारखी, एकटक. तिला तिथे काय काय सापडत आलं असेल, ते रिताला त्या क्षणी कळलं, आणि कुठलाही चेहरा करायची तिला भीती वाटली.

ती उठली नाही. बसल्या जागीच फिरली आणि लेकीकडे पाठ करून अंगणाकडे तोंड करून बसली.

पाठीमागे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग फरशीवर बोट घासल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, "म…"

रिताने वळून पाहिलं नाही.