डाव्या बाहीचा सौदा

आमच्या घरात अहो-जाहो फक्त कुत्र्याला. आई बाबांना सरळ ‘अरे’ म्हणते, पण कुत्र्याला मात्र, "साहेब, जरा पाय उचला, फरशी पुसायचीय." साहेब घरात आले तेच इतक्या रुबाबात, की एकेरीवर यायची कोणाची छाती झाली नाही.

साहेबांचा धंदा अदलाबदलीचा. लहानपणी त्यांनी बाबांचा मोजा पळवला आणि बाबांनी तो बिस्कीट देऊन सोडवला. तिथंच घोडचूक झाली. तेव्हापासून साहेब वस्तू उचलतात, पलंगाखाली जातात आणि बोली लागायची वाट बघतात. मालाला दात मात्र लावत नाहीत. खराब मालाला कोण विचारतो?

आई शिवणकाम करते, बाबा इस्त्री. त्या दिवशी चारला एका वाद्यवृंदाचे प्रमुख त्यांचा कोट न्यायला येणार होते. हा एक पसंत पडला की सगळ्या वादकांचे चाळीस कोट आईकडे. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं. तीन दिवस ती कोणावर ओरडलीसुद्धा नव्हती. आम्ही घाबरून होतो.

तीन वाजता कोटाची जोडायची राहिलेली डावी बाही गायब.

पलंगाखाली वाकून पाहिलं. बाहीचं एक टोक साहेबांच्या तोंडात, दुसरं पंजाखाली. डोळे मिटून, चिंतन चालल्यासारखे, ते ती संथपणे ताणत होते.

"साहेब, बाही द्या," आई म्हणाली.

बिस्कीट दाखवलं. तोंड फिरवलं. उकडलेलं अंडं दाखवलं. जांभई. बाबांनी स्वतःची चप्पल पुढे केली. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाबांनी ती निमूट परत पायात घातली.

"ओढ की रे!" बाबा मला म्हणाले.

"ओढली तर फाटेल," आई म्हणाली. "सगळं तुझ्यामुळे. मोज्याला बिस्कीट! मोठा दाता लागून गेलास!"

तेव्हा मला उमगलं. साहेबांना कुठलीही वस्तू चालत नाही. आपण जिच्यासाठी जीव टाकतो ती हवी असते. मी माझं जुनं बनियन आणलं. त्यात भोकं होती म्हणण्यापेक्षा भोकांत थोडं बनियन होतं.

"हे माझं!" मी ओरडलो.

"माझं आहे ते!" आई झेपावली.

"मलाही हवं आहे," बाबा बातम्या वाचल्यासारखे म्हणाले. आईनं कोपर हाणलं, तसा त्यांच्या अभिनयात जीव आला.

तिघं जिवाच्या आकांतानं बनियन ओढतोय, आणि दारात वाद्यवृंदप्रमुख. अर्धा तास आधीच.

"मी... नंतर येऊ?"

"बसा ना," आई बनियन न सोडता म्हणाली. "घरचंच आहे."

तेवढ्यात साहेब बाहेर आले, बाही टाकली, बनियन हिसकावलं आणि परत पलंगाखाली. व्यवहार पूर्ण.

आईनं बाही जोडली, बाबांनी लाळ इस्त्रीनं वाळवली. प्रमुखांनी कोट घालून दोन्ही हात हवेत फिरवले आणि थांबले.

"डावा हात काय मोकळा फिरतोय! उजवा काखेत धरतो. त्यालाही हेच करा. चाळीसच्या चाळीस असेच हवेत. काय करता हो नेमकं?"

"मुरवतो," आई म्हणाली.

तर सध्या साहेब नोकरीला आहेत. ऐंशी बाह्या. पण सहज पुढे केलेली बाही ते हुंगतही नाहीत. म्हणून रोज सकाळी नऊला आम्ही तिघं आधी बाहीवरून भांडतो आणि ती परत मिळवायला मग बनियनवरून. बाबा फार सुधारलेत. काल तर त्यांना खरंच रडू आलं.