मला ढकलगाडी म्हणायचे

मित्रांनो, मी एक मोटारसायकल आहे. जुनी, लाल, टाकीवर एक पोचा असलेली. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या अलीकडे एका खेड्यात राहते. दुसऱ्या जुन्या वस्तू तुम्हाला आपले पराक्रम सांगत असतील. माझ्याकडे सांगायला आहे ते एवढंच, की माझ्यामुळे एका चांगल्या बाईला भर चौकात मान खाली घालावी लागली. आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा तोरा काय विचारता! मला किक नव्हतीच. बटण दाबायचं, की मी सुरू. पण त्यातच गोम होती. माझं सगळं बॅटरीच्या जिवावर. इंजिन फिरलं की आतली कॉइल वीज तयार करते. सीटखाली डाव्या बाजूला रेग्युलेटर नावाचा एक अॅल्युमिनियमचा ठोकळा असतो. तो ती वीज आवरून, सावरून, झेपेल तेवढीच बॅटरीला देतो. आणि बॅटरी मला ठिणगी देते. तिघांतला एक जरी रुसला, तरी मी रस्त्यात उभी.

मला घरी आणलं रखमाजीआबांनी, मोठ्या हौसेनं, मुलासाठी. आदिनाथनं मला काही वर्षं भरपूर दामटलं. मग त्याला जालन्यात स्टीलच्या कारखान्यात काम लागलं आणि तो तिकडेच खोली करून राहिला. मी गोठ्याच्या कडेला पडून. कोंबड्या माझ्या सीटवर येऊन बसायच्या, आणि बसून काय करायच्या ते मी सांगत नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते राजनंदिनीनं, म्हणजे आदिनाथच्या बायकोनं. जाफराबादच्या एका दवाखान्यात ती नर्स आहे. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि आजारी माणसं काही जीप भरायची वाट बघत नाहीत. तिनं ओढणी कमरेला बांधली, मला घासूनपुसून लख्ख केलं आणि सुट्टीला आलेल्या नवऱ्याकडून चार दिवसांत गाडी शिकून घेतली. कपाशी आणि सोयाबीनच्या मधून जाणारा तो रस्ता, सकाळची हवा, हँडलवर तिचा हलका हात. सांगू का, तेव्हा मी पुन्हा तरणी झाले होते.

आबांना हे पसंत नव्हतं. "हात-पाय मोडून घेशील, बाई," एवढंच म्हणाले. पण माझ्यावर त्यांचा जीव होता, हे खोटं नाही. गेल्या पावसाळ्यात मी चिखलानं माखून आले, तर त्यांनी स्वतः बादली भरून मला धुतलं. डावं झाकण काढून आतही फडकं फिरवलं. आतला उघडा ठोकळा आणि उघड्या वायरी बघून ते चुकचुकले. "पाणी जाईल की यात!" विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीला जोड असला की ते सायकलची जुनी ट्यूब आणि वरून पोत्याचा तुकडा गुंडाळतात. तसाच त्यांनी माझा रेग्युलेटर घट्ट गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि झाकण लावून टाकलं. मला काय कळतंय? मला वाटलं, म्हातारबाबा लाड करून राह्यले.

पावसाळा सरला, ऊन चढायला लागलं आणि माझं बिनसलं. सकाळी ठणठणीत निघायचे. निम्मी वाट सरली की दिवा पिवळा पडायचा, हॉर्न घोगरा व्हायचा आणि मी आचके देत बंद. बटण दाबलं तर नुसतं टिक् टिक्. मग राजनंदिनी मला फाट्यापर्यंत ढकलत न्यायची. अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट, त्यावर धूळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं दात काढणं.

टेंभुर्णीत संपत मिस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस चांगला, पण कामाची गर्दी फार. त्याच्या हातातलं काम उरकेपर्यंत मी निंबाच्या सावलीत उभी. मग तो मीटरच्या दोन वायरी बॅटरीला लावायचा, दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर इंजिन चालू करून थोडी रेस द्यायचा. मीटरवर चौदाचा आकडा. "ताई, चौदा व्होल्ट दाखवून राह्यलं. चार्जिंग बराबर आहे. बॅटरीच गेली असंल," तो म्हणाला. नवी बॅटरी बसली. थोड्याच दिवसांत तिनंही मान टाकली. पुन्हा गॅरेज, पुन्हा सावली, पुन्हा चौदा! मिस्त्रीसमोर मी अशी शहाण्यासारखी वागायचे, की माझीच मला चीड यायची. अहो, आत काहीतरी भाजतंय, असं ओरडावंसं वाटायचं. पण मला आवाज म्हणजे एक हॉर्न, आणि तोही घोगरा.

गाडी बिनदोष ठरली. मग दोष कोणाचा? आमच्या गावच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर पुंजाराम बसलेला असतो. त्याचा माझ्यावर आधीपासून डोळा. त्यानं निकाल लावून टाकला. "गाडीत काही न्हाई. चालवणारीलाच जमत न्हाई," तो म्हणाला आणि टपरी हसली.

आणि मग तो दिवस आला. दवाखान्यातून परतताना मी नेमकी टपरीसमोर बंद पडले. पोरं धावत आली. "ढकलगाडी आली, ढकलगाडी!" आबा तिथंच चहा पीत होते. ते तरातरा उठून आले आणि सगळ्यांच्या देखत सुनेवर कडाडले, "किती येळा सांगितलं, बाईमाणसाचं काम न्हाई हे! चांगल्या गाडीचं वाटोळं केलंस. आता पुन्हा बंद पडली ना, तर पुंजारामला देऊन टाकीन. तुझ्या नोकरीचं मंग तू बघ."

राजनंदिनीचे कान लाल झाले होते. तिनं मला ढकलत घरापर्यंत नेलं, आणि वाटेत माझ्या टाकीवर दोन थेंब पडले. मित्रांनो, मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"जाऊ दे गं," सासूबाई तुळजाबाई घरी म्हणाल्या. "जीपनं जात जा."

"जीपनं न्हाई भागत, आत्या. दोनदा उशीर झाला तर डॉक्टर मॅडमनी ताकीद दिली. गाडी गेली की नोकरी गेली, असं समजा."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. तिनं मला थेट संपतच्या पुढ्यात उभं केलं. "दादा, आमच्याकडं तापाचे पेशंट येतात. घरी फणफणलेले असतात, आणि दवाखान्यात येऊन नंबर लागेपर्यंत ताप उतरून जातो. आम्ही त्यांना सांगतो, ताप चढलेला असताना या. तुम्ही माझी गाडी ताप उतरल्यावर बघून राह्यलात."

संपतनं हातातला पाना खाली ठेवला. "खरंच की. थंड गाडीच तपासली मी दर वेळी," तो म्हणाला. "जा, चांगली तापवून आणा. आल्यावर इंजिन बंद करू नका."

त्यानं मला दुसऱ्या बॅटरीवर सुरू करून दिलं आणि उन्हात तिनं मला फाट्यापर्यंत पळवलं, परत आणलं, पुन्हा पळवलं. दिवा पिवळा पडू लागला तशी ती गॅरेजात शिरली. संपत मीटर घेऊन तयारच होता. आकडा बाराच्या खाली, आणि बघता बघता आणखी खाली. "सापडली चोरी!" तो ओरडला. त्यानं आधी कॉइलकडून येणाऱ्या वायरी तपासल्या. तिकडून वीज बराबर येत होती. "येऊन राह्यली, पण पुढं जात न्हाई," असं पुटपुटत त्यानं माझं डावं झाकण उघडलं, आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आरारारा! कुणी गुंडाळलं हो हे? ताई, या रेग्युलेटरला वारा लागतो. ठोकळ्यावरच्या पट्ट्या गरमी बाहेर जायला असतात. ह्याचा तर श्वासच कोंडला. तापला की बिचारा काम सोडून देतो, थंड झाला की पुन्हा शहाणा."

राजनंदिनी त्या सुतळीकडे बघत होती. गोठ्यातल्या वासराच्या दाव्याला असते तशी दुहेरी गाठ. तशी गाठ घरात एकच माणूस मारतो. तिनं ती सोडवली, सुतळी, पोतं आणि चिकट झालेली ट्यूब आपल्या पिशवीत घातली.

"कोणाचं काम हे?" संपतनं विचारलं.

"ज्याचा गाडीवर जीव आहे त्याचं," ती म्हणाली.

रेग्युलेटर जळला नव्हता, नशीब माझं. बॅटरी चार्ज करून घेतली, मला पुन्हा उन्हात पळवलं, पुन्हा मीटर लावला. मी तापले तरी चौदाचा आकडा जागचा हलला नाही.

गावात शिरलो तर टपरीवर तीच मंडळी. "काय मंग, ढकलत आणली का?" पुंजारामनं हाक दिली. राजनंदिनी थांबली. माझ्या मनात आलं, बोल बाई, आता बोल! ज्या जागी तुझा पाणउतारा झाला, तिथंच ती ट्यूब आपटून दाखव. ती म्हणाली, "न्हाई काका. रेग्युलेटर तापत होता. झालं काम." बस, एवढंच.

पण पिशवीतून सुतळीचं टोक लोंबत होतं. आबांची नजर त्यावर गेली आणि हातातला कप तसाच राहिला. त्यांचा चेहरा माझ्या टाकीसारखा लाल झाला. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मला माहीत होतं, पण मी काय बोलणार! आबा उठून उभे राहिले.

"पुंजाराम, पोरीचं काही चुकलं न्हाई. त्या रेग्युलेटरला ट्यूब मी गुंडाळली होती, म्हणून तापला तो. मीच. आणि बोल हिला लावला, तेबी इथंच, तुमच्या सगळ्यांसमोर."

"मामा, चला घरी," राजनंदिनी हळूच म्हणाली.

जन्मात कधी बाईमाणसाच्या मागं गाडीवर न बसलेल्या आबांनी धोतर आवरलं आणि ते माझ्या मागच्या सीटवर बसले. तिनं बटण दाबलं. मी पहिल्याच दमात सुरू झाले, आणि दिवा कसा दुधासारखा पांढरा!

"हळू चालव, पोरी," आबा म्हणाले. "दिसू दे सगळ्यांना."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी गाडी असेल. तिला धुवा, पुसा, पण तिच्या कोणत्या भागाला वारा हवा हे जाणकाराला विचारल्याशिवाय काही झाकू नका. आणि ती बंद पडली तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. गाडीचा डाग धुतला जातो. चौकात ऐकलेला शब्द राजनंदिनीच्या मनातून अजून गेला असेल, असं मला वाटत नाही.

परवा अवकाळी आभाळ भरून आलं. आबा पोतं घेऊन धावत माझ्याजवळ आले आणि मध्येच थबकले. मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, नुसत्या सीटवर टाकलं तर चालंल का गं?"