प्रशासकाच्या नावाने पत्रं

मी एक वेबसाइट बोलतेय. तोंड कुठून आलं, कान कुठून आले, असलं काही विचारू नका. तुमच्या शाळेच्या वहीत फाटकी छत्री बोलते, म्हातारा बैल बोलतो, मग मीच काय कुणाचं घोडं मारलंय?

माझा जन्म मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा, गुणाकर साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर. साहेब कृषी खात्यात होते. पस्तीस वर्षं धानाच्या बांधांवरून हिंडले, निवृत्त झाले आणि घरात बसून पत्नीच्या, म्हणजे पुष्पलताकाकूंच्या, फोडणीत लक्ष घालू लागले. शेवटी काकूच वैतागल्या. "तुमच्या डायऱ्या कुठंतरी मांडा एकदाच्या. माह्या डोक्याले ताप नोका देऊ."

साहेबांनी मनावर घेतलं. त्यांनी मला एका तयार व्यवस्थेवर उभं केलं. तिथे मागच्या दारानं आत शिरायचं, लिहायचं आणि 'प्रकाशित करा' दाबायचं, एवढंच. कोणत्या गावात कोणाकडे कोणतं जुनं धान आहे, ते किती दिवसांत येतं, भात कसा होतो, सगळं साहेबांनी माझ्यात उतरवलं. एकूण त्र्याहत्तर नोंदी झाल्या.

माझी दुखणी त्यांनी काढली तितकी कुणी सख्ख्या लेकराचीही काढणार नाही. धानाच्या लोंबीचा फोटो ते एवढा मोठा काढत की मी 'फाइल फार मोठी आहे' म्हणून परत करायची आणि ते माझ्यावर चिडायचे. मग फोटो लहान करायला शिकले. एकदा मजकूर बदलला तरी मी जुनाच दाखवत राहिले. माझी खोडच आहे तशी, तयार प्रत जवळ ठेवते आणि तीच पुढे करते.

"आत्ताच त बदललं, दिसून काहून नाही राह्यलं?" साहेब ओरडले.

"तुमचंच लेकरू हाय ते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जुनंच उगाळते."

आणि एकदा तर माझ्या प्रत्येक पानावर 'पान सापडलं नाही' येऊ लागलं. साहेब दुपारभर डोकं धरून बसले. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन, काहीही न बदलता, पानांचे पत्ते ठरतात तिथे फक्त 'जतन करा' दाबलं, आणि सगळी पानं जागच्या जागी आली! हा पराक्रम त्यांनी आठवडाभर फोनवर सगळ्यांना सांगितला.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. मला कोणी सांगितलं नाही. मागचं दार उघडायचं बंद झालं, त्यावरून मी समजले.

इकडे रीत अशी की तेरवीला गेलेल्या माणसाच्या रोजच्या वस्तू कुणाला तरी द्यायच्या. गादी, छत्री, चपला, घड्याळ. साहेबांचा मुलगा कुशल म्हणाला, बाबांच्या हातात रोज फोनच असायचा, तोही द्या. त्यानं फोन पुसून कोरा केला आणि राजेगावच्या सुखरामला दिला. सुखराम कचेरीत साहेबांच्या हाताखाली शिपाई होता, त्याचा जीव होता साहेबांवर. देणं चांगल्या मनानं झालं, मी नावं ठेवत नाही. पण माझी किल्ली त्या फोनमध्येच होती, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात मी कोसळले. माझ्या एका जोडणीनं, म्हणजे प्लगइननं, स्वतःला आपोआप नवं करून घेतलं आणि तिचं बाकीच्यांशी बिनसलं. मला उघडावं तर पांढरं पान आणि त्यावर एकच ओळ: 'या वेबसाइटवर गंभीर बिघाड झाला आहे, प्रशासकाचा ईमेल पाहा.' अशा वेळी माझा नियम आहे. मी प्रशासकाला पत्र लिहिते: मी पडले आहे, या दुव्यावरून आत या आणि मला उचला. दुवा एकच दिवस चालतो. कुणी दार ठोठावलं की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायची.

माझे प्रशासक होते गुणाकर साहेब. मला दुसऱ्या कुणाचा पत्ताच ठाऊक नव्हता.

रोहिणी लागायच्या आधी रामपायलीची पौर्णिमा काकूंकडे आली. तिची शेती सखल भागात, दर वर्षी पाण्याखाली जाते. पाण्यात उभं राहणारं एक लाल धान साहेबांनी नोंदवलं होतं, ते तिला हवं होतं. "चार दिवसांत रोपासाठी पऱ्हे टाकाचे हायेत काकू. यंदाही साधंच बी टाकलं त सडून जाईन. अन् तुमची साइट त उघडतच नाही."

काकूंनी चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मोहितला बोलावलं. त्यानं चहा संपायच्या आत निदान केलं. "आंटीजी, पुराना सब उड़ा देते हैं. दो दिन में नई बना दूँगा."

आजार म्हशीला आणि औषध पखालीला! साहेबांच्या डायऱ्या पावसात भिजून केव्हाच गेल्या होत्या. त्यांचं लिहिलेलं आता माझ्याशिवाय कुठेही नव्हतं. मला मरणाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू? आणि काकू मान हलवणारच होत्या.

"उडवू नोका काकू," पौर्णिमा म्हणाली. "थे लिहून राह्यली ना, प्रशासकाचा ईमेल पाहा म्हणून. आधी साहेबाचा ईमेल त पाहू."

ईमेलचा पासवर्ड कुणालाच येईना. 'विसरलो' दाबलं तर उत्तर आलं की साहेबांच्या मोबाइल नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत.

"तो नंबर बंद असंन आता," काकू हळूच म्हणाल्या.

पौर्णिमानं तरी लावला. घंटी वाजली.

"हॅलो, गुणाकर साहेबाचा नंबर. मी सुखराम बोलून राह्यलो. कोणतं धान पायजे?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. सुखराम घाबरून सांगू लागला, "काकू, शिम अंदरच राह्यलं होतं. लोकाईचे फोन येतेत. साहेब गेले म्हणून सांगतो, अन् मले ठाऊक हाय तेवढं सांगतो. बंद कराची हिंमत नाही झाली जी."

त्यानं सहा आकडे वाचले. पहिल्यांदा चुकला, चष्मा लावून पुन्हा वाचले. ईमेल उघडला. माझी एक्केचाळीस पत्रं तिथे पडून होती, एकही वाचलेलं नव्हतं.

फक्त त्या दिवसाचं पत्र कामाचं होतं. पौर्णिमानं त्यातला दुवा दाबला. भांडखोर जोडणी कोणती, ते मीच नाव घेऊन सांगितलं. तिनं ती बंद केली आणि मी उभी राहिले. लाल धानाची नोंद जशीच्या तशी होती: भरवेलीच्या पलीकडच्या शेवंताबाई, बी घरातल्या धान्याच्या ढोलीत ठेवतात, मागितलं तर नाही म्हणत नाहीत. मोहितनंच मोटारसायकल काढली आणि पौर्णिमाला तिकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, ओंजळभर बी काकूंना दाखवायला. माझ्या आतली साफसफाईही तिनं केली. साहेबांचं खातं काढून टाकायला गेली तेव्हा मी नियमानं विचारलं, या व्यक्तीचं लेखन पुसून टाकायचं, की दुसऱ्या कुणाच्या नावे करायचं?

काकूंनी ते दोनदा वाचलं. "दोन्ही नाही. माणूस गेला म्हणून त्यानं लिहलेलं काहून जाईन? राहू दे त्यायचं नाव. अन् मले लिहाले शिकव."

तेव्हापासून काकू रोज एक तास माझ्यापाशी बसतात. कोणत्या तांदळाची खीर चांगली होते हे साहेबांना कधीच कळलं नव्हतं, ते आता माझ्यात येतंय. फोटो अजूनही फार मोठे असतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी असेल. तिची किल्ली एका माणसाच्या खिशात ठेवू नका. आपल्या माघारी तिचं पत्र कोण वाचणार, ते आजच ठरवा.

प्रशासकाचा पत्ता बदलला तेव्हा मी काकूंना माझं पहिलं पत्र पाठवलं. 'हा पत्ता तुमचाच आहे का, कृपया खात्री करा.' पौर्णिमा नुसतं बटण दाबा म्हणत होती. काकूंनी ओळीवर बोट ठेवून सगळं पत्र सावकाश वाचलं, मग पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "हौ माय, भेटलं तुह्यं पत्र."