बोंडं उडून गेलेलं कापूसगवत

अगाफियाची अट एकच होती. तिच्या लेकीशी, नताल्याशी लग्न करायचं, तर कुझ्मानं उंदरिणीच्या बिळातून पिशवी भरून कोंब आणायचे. कापूसगवताचे हे जमिनीतले गोडसर कोंब उंदरीण हिवाळ्यासाठी साठवते आणि माणसं तिच्याकडून थोडे घेतात. पण कापूसगवतं दोन, आणि त्यातलं एक अगदीच कुचकामी.

कुझ्मा नदीच्या वरच्या अंगाचा, झाडीतला गडी. दलदल त्याला नवी. पण तसं कबूल करील तर शपथ! उन्हाळाभर त्यानं गावाचं डोकं खाल्लं. "देठाला एकच बोंड, तर ते झुबक्यानं वाढणारं, टाकाऊ. तीन-चार बोंडं लोंबली की आपलं!" भेटेल त्याला धरून तो हेच ऐकवी. अगाफिया नुसतं ऐकून घेई. म्हातारी भारी आतल्या गाठीची.

थंडीनं पाणवठ्यांवर पापुद्रा धरला, तशी तिनं त्याच्या हातात पिशवी आणि सुकवलेला सामन मासा दिला. "चला जावईबापू, दाखवा तुमची विद्या."

दलदलीत पोचल्यावर कुझ्मा बघतच राहिला. वाऱ्यानं सगळा कापूस केव्हाच नेला होता. नजर जाईल तिथवर नुसती तांबूस-करडी पाती.

"मोज की आता बोंडं!" नताल्या हसून हसून खालीच बसली.

"तू गप गं. मावशी, हे आधी सांगायचं नाही का?"

"तू मला बोलायला उसंत दिलीस कुठं?"

बिचारा कानकोंडा झाला. लग्न हातचं जाणार! दुपारभर तो वाकून पाती चाचपत फिरला. रुंद तांबडं पातं खरं की दोऱ्यासारखं बारीक, काही उमजेना. शेवटी एके ठिकाणी पाय भसकन खाली गेला. उकरलं तर उंदरिणीचं कोठार! त्यानं निम्मेच कोंब घेतले, बदल्यात मासा ठेवला, वर माती नीट लोटली आणि रीतीप्रमाणे तिचे आभार मानले.

अगाफियानं पिशवीत हात घातला. "कुठल्या गवताचे रे हे?"

कुझ्मानं मान खाली घातली. "खरं सांगू मावशी? मला नाही ओळखता आलं. उंदरिणीनं ओळखलंय."

म्हातारी पहिल्यांदाच खदखदून हसली. "अरे, मी तरी दर वर्षी काय वेगळं करते?" मग लेकीकडे वळून म्हणाली, "नताल्या, 'मला कळत नाही' म्हणणारा पुरुष या घरात आजवर आला नव्हता. बघत काय बसलीस? पळ, पाद्रीबुवांना गाठ!"