हाकेला ओ

पूजाने फोनवर सरळच विचारलं, "काका, खरं सांगा. ब्रुनो बहिरा आहे का?"

मी पुस्तकांच्या खोक्यांमध्ये बसलो होतो. सोमवारी तेजल, माझी मुलगी, मला मनमाडला न्यायला येणार होती. तिचं घर रेल्वे क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. त्यात नातीला दमा. कुत्रा नेता येणार नव्हता. सगळ्यांना मी हेच कारण सांगितलं होतं. खरं कारण मला स्वतःलाही नीट मांडता येत नाही. गेल्या वर्षात मी दोनदा पडलो, एकदा त्याच्याच साखळीत पाय अडकून. तेव्हापासून सकाळी त्याला फिरवायला निघायचं म्हटलं की चपला घालतानाच दमल्यासारखं व्हायचं. मी त्याला कंटाळलो नव्हतो, थकलो होतो. पण या दोन शब्दांत नेमका फरक किती, ते मी शपथेवर सांगू शकणार नाही.

पूजा दिवसा एका दातांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतर्फे, कुत्र्यांना घरं शोधते. आठ वर्षांचा, तोंडावर पांढरं आलेला गावठी कुत्रा कोण घेणार, असं तीच पहिल्या दिवशी म्हणाली होती. तरी तीन आठवड्यांत तिने घर शोधलं. मखमलाबादच्या पुढे, गुलाबाची शेती करणारं कुटुंब: सुलाबाई, त्यांचा मुलगा समाधान आणि सून सुवर्णा. आठवडाभर ठेवून बघू, असं ठरलं होतं. नाही जमलं तर ब्रुनोला संस्थेच्या शेडमध्ये चाळीस कुत्र्यांत जावं लागणार होतं, आणि तिथून या वयाचं कुत्रं सहसा कोणी नेत नाही.

आज पाचवा दिवस होता.

"बहिरा नाही," मी म्हणालो.

"मग ओ का देत नाही? ते लोक 'ब्रुनो, ब्रुनो' करून दमले. हा फाटकाकडे तोंड करून बसतो. ताट ठेवलं तरी उठत नाही. सगळे आत गेले की दोन घास खातो. समाधानदादा म्हणतात, बहिरं कुत्रं राखणीला काय कामाचं? रविवारी परत आणून देतो म्हणालेत."

"वय झालंय त्याचं. नवीन जागा…"

"तुम्हीच संस्थेच्या फॉर्मवर लिहिलंय काका. 'हाकेला ओ देतो का?' त्यापुढे, 'होय, ताबडतोब.' ताबडतोबच्या खाली रेघ पण मारलीय."

मारली होती. पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली; हातात पेन आलं की रेघ मारली जाते. "बघतो," असं काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला. काय बघणार होतो कुणास ठाऊक.

मी खोटं लिहिलं नव्हतं. हाक मारली की तो ताबडतोब येतो. कोणती हाक, ते फॉर्मवर विचारलं नव्हतं, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.

ब्रुनो हे नाव तेजलने ठेवलं आणि वर्षभरात ती लग्न होऊन गेली. मग ते नाव लसीच्या पुस्तकापुरतं उरलं. घरात दिवसभर एकच हाक ऐकू यायची. माझी पत्नी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, या!" म्हणजे चहा झाला, नाहीतर ताट वाढलं. मी वाचत असायचो; एवढा परिच्छेद संपवून उठू, असं करत राहायचो. पिल्लू माझ्या आधी पोचायचं आणि त्याला पोळीचा तुकडा मिळायचा. दोन-तीन महिन्यांत त्याची खात्री पटली की अहो म्हणजे आपणच. ती म्हणायची, "चला, दोघांपैकी एकाला तरी ऐकू येतं."

ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हाही हा जेवेना. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभा राहून हळूच म्हणालो, "अहो, या." आला. मग मी त्याला तसंच बोलावू लागलो. "अहो, बसा." "अहो, चला आता." रस्त्यावर मात्र कधी नाही, रस्त्यावर मी नुसती साखळी हलवायचो. शेजाऱ्यांच्या कानावर गेलं असतं तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं म्हणाले असते. कदाचित ते बरोबरही असतं.

पूजाला मेसेज तीनदा लिहिला. पहिल्यात तो शब्द अवतरणचिन्हांत होता, दुसऱ्यात अवतरणचिन्हं काढली, तिसरा एवढा लांबला की मलाच वाचवेना. तिन्ही पुसले. शेवटी फोन लावला.

"पूजा, त्याला ना… अहो म्हणावं लागतं."

"अहो काका, तेच तर विचारतेय, काय म्हणावं लागतं?"

"अहो."

"हां, बोला ना."

"तेच बोलतोय. अहो, असं म्हणायचं. अहो, या. मग तो येतो."

ती हसेल म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता. ती हसली नाही.

"हे फॉर्मवर लिहायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"तुमच्या लाजेपायी तो शेडमध्ये गेला असता, काका," ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "थांबा, त्यांना लाइनवर घेते."

तिने सगळं समजावून सांगितलं. तिकडे फोन स्पीकरवर असावा, कारण आधी सुवर्णाचंच हसणं ऐकू आलं.

"मी नाय म्हणणार बाई! मी अहो म्हणले का हे यायचे पळत."

"मी कधी पळत आलो गं?" हा समाधान. "चार हाका मारती तवा उठतो."

"म्हणून तर म्हणते, कुत्रं बरं तुमच्यापरीस. आई, तुम्हीच हाक मारा त्याला."

मग सुलाबाईंचा आवाज आला, जड, सावकाश. "आमचे मालक जाऊन अकरा वर्सं झाली. मी आता कोनाला म्हनू तसं?"

मला वाटलं, आपण या बाईंकडे काय मागून बसलो. नकोच, राहू द्या, असं म्हणावं, तर रविवार दोनच दिवसांवर होता.

पूजाने मध्येच सुचवलं, "काकांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर?"

"नको," मी म्हणालो. एवढं ठाम मी क्वचितच बोलतो. "माझा आवाज ऐकला तर तो मला शोधत बसेल."

"काय करायचा रेकॉर्ड," सुलाबाई म्हणाल्या. "सुवर्णा, ती भाकर दे इकडं. आन् तुमी दोघं व्हा बाजूला."

कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. तेवढीच ऐकू येत होती.

"आवो," त्या म्हणाल्या. घसा खाकरला. "आवो, या. या जेवायला."

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन मी अर्धा उठलो होतो. लक्षात आलं तेव्हा परत बसलो.

"उठलं!" सुवर्णा ओरडली. "आई, उठलं हो ते! आलं!"

"च्यायला, कान हाय की त्याला," समाधान म्हणाला. "मॅडम, रविवारचं राहू द्या मग."

पूजाने सुटकेचा श्वास टाकला, तो मला स्पष्ट ऐकू आला. "काका, आहात ना?"

"आहे."

"काही दिवस आता फोन करू नका त्यांना. रुळू दे त्याला."

"बरं," मी म्हणालो. मला आनंद व्हायला हवा होता. बहुतेक झालाही असेल. पण पाठ दुखत होती आणि खोकी अजून अर्धीच भरलेली होती.

फोन ठेवण्याआधी सुलाबाईच बोलल्या. "बाबा, आजून काय सांगायचं राह्यलं आसंल तर आत्ताच सांगा. मागून नको."

मी विचार केला. "त्याच्या उजव्या कानाला हात लावू नका. दुखतो त्याला. मलासुद्धा लावू देत नाही, गुरगुरतो."

"कोनता? ह्यो फाटलेला?"

"हो, तोच."

"तिथंच हाय की माझा हात," त्या म्हणाल्या. "गुमान बसलंय."